झबलें-टोपडें

मनुष्याला कपड्यांची गरज सर्वांत कमी केव्हां असते, असें कोणीं विचारलें तर पुष्कळ लोक ‘जन्माच्या दिवशीं’ असें उत्तर देतील. तो येतो तोच मुळीं उघडा. त्याला लाज ठाऊक नसते, कोठें जावयाचें नसतें, आणि त्याची उंची हातभराहून थोडी अधिक. परंतु ह्या हातभर प्राण्याच्या कपड्यांविषयीं आमच्या घरांत जितकी चर्चा झाली तितकी कन्येच्या लग्नांतील शालूविषयींहि झाली नव्हती. शिवाय वरील उत्तर बरोबरहि नाहीं. कापडाच्या एका तुकड्यावर माणसाचा जीव अवलंबून असावा, असे प्रसंग आयुष्यांत फार थोडे. आणि त्यांतील पहिला जन्मानंतरच्या पहिल्या घटकेचाच होय.

आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं आषाढांत माहेरीं आली, तेव्हां तिच्या पेटींत एका मोठ्या दुकानाची छापील यादी होती. नवजात बालकास ‘अत्यावश्यक’ अशा एकसष्ट वस्तु तींत दिल्या होत्या. हातमोज्यांचे सहा जोड, पायमोज्यांचे आठ, कपाळावर बांधावयाच्या पट्ट्या, घरांतले पोशाख निराळे, बाहेर जाण्याचे निराळे, आणि बुटांचे दोन जोड! जें अजून वर्षभर पाऊल टाकणार नाहीं त्याला बूट कशाला, असें आम्हीं विचारलें. “फोटोसाठीं, बाबा,” असें सरळ उत्तर मिळालें, आणि त्या सरळपणाबद्दल आम्हीं तिला पुरे गुण दिले. उलटपक्षीं आमच्या सौभाग्यवतींची यादी तोंडी व आटोपशीर होती : दोन डझन बाळोतीं, आठ झबलीं, चार टोपडीं, दोन कुंच्या, चार दुपटीं, एक गोधडी, “बाकी लोक आणतातच.” तिसरें मत आमच्या आईचें. ती एक्याऐंशीं वर्षांची आहे व तिची यादीच नव्हती. “जुनं, सुती, धुतलेलं कापड हाताशीं ठेवा म्हणजे झालं, बाकी तुमचं चालूं द्या,” एवढें म्हणून ती वाती वळूं लागली. ह्या तीन पिढ्यांमधील लवादाचें काम आमच्याकडे आलें. इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या माणसाला दुसरें महत्त्वाचें काम नसतें, ह्याविषयीं तिघींचेंहि एकमत होतें.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आईच्या दुधावरचें बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसांतून सहा वेळां तरी ओलें करतें, शी निराळी. म्हणजे कापड बदलण्याचे प्रसंग दिवसाकांठीं दहा-बारा धरावेत. मे महिन्यांत बाळोतें दोन तासांत कडकडीत वाळतें व दीड डझनांत घर सुखानें चालतें. परंतु आमच्याकडील पाहुणा श्रावणांत यावयाचा होता, आणि पुण्याच्या श्रावणांत जाड कापड वाळावयास दोन दिवस लागतात. म्हणजे आज लागणारीं बारा, काल धुतलेलीं व अद्याप दमट असलेलीं बारा, परवांचीं घडी घालण्याच्या बेतांत आलेलीं बारा, अशीं छत्तीस झालीं. त्यांत रात्रीं अवचित लागणारीं सहा मिळविलीं कीं साडेतीन डझन. कोंकणांत हाच आंकडा पांच डझनांवर न्यावा लागेल. थोडक्यांत, बाळाला कापड किती लागतें हें दोरीवरून, म्हणजे वाळत घालण्याच्या दोरीवरून, ठरतें. हें साधें त्रैराशिक दुकानाच्या यादींत कोठेंहि नव्हतें. तेथें श्रावणांतल्या बाळाला आणि वैशाखांतल्या बाळाला एकच माप. रात्रीपुरते तयार डायपर वापरावेत, ही कन्येची सूचना आम्हीं तत्काळ मान्य केली. ज्याला रात्रीं दोन वाजतां उठावयाचें नसतें त्यानें तत्त्वाच्या गोष्टी बोलूं नयेत.

झबल्यांचें गणित सोपें आहे. बाळ दूध ओकून दिवसांतून दोन-तीन झबलीं खराब करतें. तेव्हां आठ पुरेत. तीं पुढून उघडीं व बंदांचीं असावींत, डोक्यांतून घालावयाचीं नसावींत; कारण पहिल्या महिन्यांत मान धरवत नाहीं आणि नव्या बापाचे हात थरथरत असतात. शिवाय दीड-दोन महिन्यांत तीं आंखूड होतात. पहिल्या मापाचीं झबलीं डझनांनीं घेणें म्हणजे गेल्या वर्षाचें पंचांग डझनांनीं घेण्यासारखें आहे.

परंतु खरी अडचण पुढेंच होती. साडेतीन डझन बाळोतीं काढावयाचीं कशांतून? आमच्या आईच्या काळीं ह्या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर होतें : जुनेर. नऊ वार म्हणजे तीनशें चोवीस इंच. सत्तावीस इंचांचे तुकडे पाडले तर बारा होतात, पन्हा मधोमध फाडला तर चोवीस. त्यांतून विरलेला भाग वजा घातला तरी एका नऊवारी लुगड्यांतून दीड डझन धड बाळोतीं निघत. शेंकडों वेळां धुतलेल्या सुताइतकें मऊ कांहीं नसतें. नव्या कापडांत खळ असते, रंग पक्का झालेला नसतो, आणि तें पाणी शोषण्याऐवजीं बराच वेळ अंगावरच खेळवितें. शिवाय बाळाची पहिली शी डांबरासारखी काळी व चिकट असते. तिचा डाग कोणत्याहि साबणाला दाद देत नाहीं. तेथें फेकून देतां येण्याजोगें कापड असणें ह्यासारखें सुख नाहीं. पहिले दिवस बाळाला नवें घालूं नये, ही आमच्याकडील जुनी रीत कोणत्या देवतेच्या भीतीनें पडली असेल ती असो. परटीणीनें ती घातली असती तरी तशीच घातली असती. पण आज घराघरांतील कपाटें उघडून पाहावींत : रेशमी आहे, कृत्रिम धाग्याचें आहे, इस्त्री न लागणारें आहे, फाटलेलें, विरलेलें, सुती असें कांहीं नाहीं. सौभाग्यवतींच्या सत्तर साड्यांत बाळोत्याला लायक अशा तीन निघाल्या. शेवटीं आईनें आपली ट्रंक उघडली. तींत तिचीं दोन जुनेरें व आमच्या वडिलांचीं दोन धोतरें होतीं. तीं कशासाठीं ठेवलीं होतीं हें आम्हीं विचारलें नाहीं, व तिनेंहि सांगितलें नाहीं.

ट्रंक उघडतांच डांबराच्या गोळ्यांचा दर्प आला. येथें मात्र आम्ही लवादाचा अधिकार वापरून सर्व कापड बाळापासून दूर ठेवावयास लावलें. ह्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. कांहीं कुळांतील मुलांच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य जन्मतः कमी असतें. अशा अर्भकाला ह्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलें तर नुसत्या वासानेंहि त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं लागतात व कावीळ जिवावर बेतते. ग्रीसमधील डॉक्टरांनीं १९६३ सालीं अशीं उदाहरणें नोंदवून ठेवलीं आहेत, आणि ही उणीव आपल्या देशांतहि अनेक जमातींत आढळते. घरोघरीं आजीनें जपून ठेवलेली कुंची ह्याच वासाची असते. वास मुळींच उरला नाहीं तरच असें कापड घ्यावें, एरवीं नाहीं. आमच्या सुदैवानें गोळ्या एका पुरचुंडींत होत्या व धोतरें खालच्या कप्प्यांत वेखंडाशेजारीं. तरीहि तीं चार वेळां उकळत्या पाण्यांतून काढून, जेवढें मिळालें तेवढें ऊन दिलें. जुन्या बाळंतिणीच्या खोलींत शेगडीवर डालें पालथें घालून त्यावर बाळोतीं वाळवीत. त्या उबदार कापडाची आठवण आम्हांला गोड वाटते, परंतु बंद खोलींतील कोळशाच्या धुरानें किती आया व मुलें गुदमरलीं असतील ह्याचा विचार केला म्हणजे आठवणीचा गोडवा उतरतो. इस्त्री फिरविली तरी काम भागतें.

एके रात्रीं आमचा हा हिशेब चालला असतां आई वाती वळायची थांबली आणि म्हणाली, “त्याचे कपडे पुष्कळ होते रे.” तो म्हणजे आमचा थोरला भाऊ. आम्हीं त्याला पाहिलें नाहीं. १९६३ सालच्या पौषांत, घाटमाथ्यावरच्या एका गांवीं, महिनाभर आधीं, पहांटे तो जन्मला. वार पडेपर्यंत बाळ बाजूला ठेवावयाचें व मग त्याला न्हाऊं घालावयाचें, अशी तेव्हां सर्वत्र रीत होती. तो सुपांत ठेवला होता. नंतर त्याला न्हाऊं घातलें, आणि मग आजीनें सहा महिने खपून शिवलेलीं सारीं झबलीं, दुपटीं, दोन गोधड्या त्याच्यावर घातल्या. तो दूध ओढीना. नवव्या दिवशीं गेला. बारसें बाराव्या दिवशीं करावयाचें असतें, म्हणून त्याला नांव नाहीं. “कपडे पुष्कळ होते,” आई पुन्हां म्हणाली, “पण आधीं कोरडं कोणीं केलं नाहीं त्याला.”

आमच्या आईनें वैद्यकाचें एक पानहि वाचलेलें नाहीं. तथापि तिनें एका वाक्यांत जें सांगितलें तेंच जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ सालीं नवजाताच्या उबेसंबंधीं काढलेल्या पुस्तिकेचें सार आहे. गर्भांतलें मूल सदतीस अंशांच्या उष्ण पाण्यांतून एकदम आपल्या खोलींत येतें आणि तें ओलें असतें. ओल्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें तें गार होऊं लागतें. पहिल्या दहा-वीस मिनिटांत त्याच्या अंगाची उष्णता दोन ते चार अंशांनीं उतरूं शकते. वजनाच्या मानानें त्याची कातडी मोठ्या माणसाच्या अडीचपट; त्यामुळें उष्णता जाण्यास दारें पुष्कळ. त्याला आपल्यासारखें कुडकुडतां येत नाहीं. मानेजवळ व खांद्यांच्या फऱ्यांमध्यें एक तपकिरी चरबी असते, तीच काय ती त्याची शेगडी. आणि महिनाभर आधीं आलेल्या मुलापाशीं तीहि अपुरी. म्हणून नवजाताला लागणारें पहिलें वस्त्र झबलें नव्हे, टोपडेंहि नव्हे. त्याला दोन कोरडीं, मऊ, स्वच्छ फडकीं लागतात : एकानें त्याला लागलीच नखशिखांत टिपावयाचें आणि तें ओलें झालेलें तत्क्षणीं टाकून द्यावयाचें, दुसरें वरून पांघरावयाचें. दोहोंच्या मध्यें त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवावयाचें व डोक्यावर टोपडें घालावयाचें. न्हाणें निदान चोवीस तास पुढें ढकलावयाचें. ओल्या अंगावर गोधड्यांची रास घातली तरी ती ओल कोंडून ठेवण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नाहीं.

ह्यांत त्या सुईणीला दोष देण्याचें कारण नाहीं. तिनें हजार मुलें जगविलीं असतील, आणि तिला जें कोणीं शिकविलें नाहीं तें तिनें करावें कसें? शिकविलें तर होतें हें पुढें आपल्याच प्रांतांत दिसून आलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथील एकोणचाळीस खेड्यांत गांवच्याच बायकांना नवजाताची काळजी घ्यावयास शिकविलें : बाळाला कोरडें करणें, गुंडाळणें, अशक्त बाळाला उबदार पिशवींत ठेवणें, तापमान व वजन पाहणें, श्वास घेईना तर मदत करणें, जंतुदोषावर औषध देणें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचे मृत्यू, शेजारच्या इतर गांवांशीं तुलना करतां, ६२ टक्क्यांनीं कमी झाले, असें त्यांनीं १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें प्रसिद्ध केलें. हें यश एकट्या उबेचें नव्हे, परंतु उबेवांचूनहि तें आलें नसतें. आणि ज्यांना कांचेच्या उबदार पेट्या पुरत नव्हत्या त्या बोगोटा शहरांतील डॉ. एडगर रे ह्यांनीं १९७८ सालीं त्याहूनहि साधा उपाय काढला : अपुऱ्या दिवसांच्या मुलाला टोपडें, लंगोट व पायमोजे एवढेंच घालून आईच्या छातीला उभें बांधून टाकावयाचें. सर्वांत अशक्त मुलाला सर्वांत कमी कपडे. बाकीचें काम आईचें अंग करतें.

एवढें वाचून कोणी आज्यांनीं हर्षभरित होऊन पुतण्या-नातवांना बारा महिने लोकरीत गुंडाळूं नये. थंडीप्रमाणें उष्म्याचाहि धोका आहेच. मोठ्या माणसाला जितके थर सोसतात त्याहून एखादा थर अधिक, असें साधारण माप सांगतात. परंतु नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत जेथें आपणांलाच सदरा नकोसा होतो तेथें बाळाला पातळ झबलें व लंगोट ह्यांहून अधिक कशाला? हातपाय गार लागले म्हणून घाबरूं नये. नवजाताचे हातपाय थोडे गार असतातच. मानेच्या मागें किंवा पोटावर हात ठेवून पाहावें. तेथें घाम असेल तर एक कपडा काढावा, गार लागलें तर एक घालावा. निजतांना बाळाला उताणें ठेवावें, तोंडाजवळ सैल दुपटें, उशी, झालरी असें कांहीं नसावें, आणि खोली उबदार असेल तर टोपडेंहि काढावें. पाश्चात्य पुस्तकांतील सूचना मात्र डोळे मिटून घेऊं नयेत. त्या देशांत बाहेर बर्फ असलें तरी घरांत यंत्रानें ऊब केलेली असते. आमच्याकडे डिसेंबरांत फरशीवर पाय ठेवतांच झोप उडते, आणि घर तापविण्याचें साधन म्हणजे खिडकी लावणें.

ह्या दृष्टीनें आमची कुंची मोठ्या अकलेची वस्तु आहे. ती डोकें, कान, मान आणि पाठ एका तुकड्यांत झांकते, पुढून मोकळी राहते, आणि बाळाला आडवें-उभें कसेंहि धरलें तरी जागची हलत नाहीं. आम्ही सुती कुंचीविषयीं बोलत आहों. खणाची, जरीच्या कांठाची कुंची गालाला बोंचते, ती बारशाला दहा मिनिटें घालून काढून ठेवावी. घट्ट गुंडाळण्याच्या प्रथेविषयींहि एक सांगितलें पाहिजे. हात थोडे आवळून धरले तर बाळ शांत निजतें हें खरें. परंतु पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटतो. जपानमध्यें १९७५ च्या सुमारास आयांना पाय मोकळे ठेवावयास शिकविण्याची मोहीम निघाली आणि हें व्यंग पुष्कळच कमी झालें. बेडकासारखे दुमडलेले पाय हेंच त्या वयाचें सौंदर्य आहे. त्याला सरळ करण्याची घाई नसावी.

आमच्या व्यवसायामुळें आम्हांला ह्या संदर्भांत विल्यम कॅडोगन ह्या इंग्रज डॉक्टराची आठवण होते. लंडनमध्यें टाकलेल्या मुलांसाठीं फाउंडलिंग हॉस्पिटल नांवाचा आश्रम होता. त्याच्या चालकांसाठीं ह्यानें १७४८ सालीं मुलांच्या संगोपनावर एक निबंध पत्ररूपानें लिहिला. बाळावर त्याच्या स्वतःच्या वजनाइतकें कापड लादलें जातें, अशी त्याची तक्रार होती. आणि श्रीमंतांच्या मुलांपेक्षां अपुऱ्या कपड्यांतलीं गरिबांचीं मुलें धट्टींकट्टीं असतात, असें तो म्हणे. ह्या दुसऱ्या विधानांत आम्हांला डॉक्टरापेक्षां वादपटु अधिक दिसतो, कारण जीं गरिबांचीं मुलें थंडीनें गेलीं तीं त्याला दिसावयास उरलीं नव्हतीं. परंतु त्याच आश्रमाच्या दप्तरांत बाळाच्या कपड्यांचा एक निराळाच उपयोग नोंदलेला आहे. मूल सोडून जाणाऱ्या आईचें नांव तेथें विचारीत नसत. पुढें मागें ती परत आली तर ओळख पटावी म्हणून बाळाच्या अंगावरच्या कपड्याचा, बहुधा बाहीचा किंवा फितीचा, एक तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टांचून ठेवीत. असे अठराव्या शतकांतील सुमारें पांच हजार तुकडे आजहि लंडनमध्यें जपलेले आहेत. छापील फुलें, पट्टे, एखादी चिमणी, लाल लोकरीचा टांका. १७६७ सालीं एका आईनें ठिगळें जोडलेल्या कापडावर हृदयाची आकृति भरून त्याचे दोन भाग केले, अर्धा मुलापाशीं ठेवला. १७७५ सालीं ती मूल परत न्यावयास आली. पण बहुतेक मुलांना न्यावयास कोणीहि आलें नाहीं.

फिनलंडच्या सरकारनें मात्र हें सारें एका पेटींत बसविलें. तेथें १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी मिळूं लागली आणि १९४९ पासून ती सर्वांना मिळूं लागली. अट एवढीच कीं चौथा महिना संपण्यापूर्वीं आईनें तपासून घ्यावें. पेटींत झबलीं, टोपीं, लंगोट, पांघरूण आणि तळाशीं गादी. कपडे बाहेर काढले कीं त्याच पुठ्ठ्याच्या पेटींत बाळ निजवावयाचें. श्रीमंत व गरीब दोघांचीं मुलें एकाच पुठ्ठ्यांत निजतात, ह्याचें आम्हांला कौतुक वाटतें. त्याहून अधिक कौतुक त्या अटीचें. झबल्याच्या लोभानें आई वेळेवर डॉक्टरकडे जाते.

आमच्या लवादाचा निकाल असा लागला : दुकानाच्या यादींतील एकसष्टांपैकीं नऊ वस्तु मंजूर झाल्या, त्यांत रात्रीचे डायपर व फोटोचे बूट होते. सौभाग्यवतींची यादी बाळोत्यांचा आंकडा वाढवून जशीच्या तशी मंजूर झाली. आईच्या सांगण्यावरून वडिलांच्या धोतराचे सहा मोठे चौकोन वेगळे धुवून, इस्त्री करून, एका पिशवींत इस्पितळांत नेण्यासाठीं ठेवले. श्रावण वद्य षष्ठीस रात्रीं मुलगी झाली. परिचारिका बाहेर येऊन वजन सांगूं लागली, आईनें तिला मध्येंच थांबवून विचारलें, “कोरडी केलीत का तिला?” ती बाई हंसून म्हणाली, “केली, आजी. तुमच्याच कापडानं. आतां आईच्या अंगावर आहे.” मग वजन काय म्हणून आईनें पुन्हां विचारून घेतलें.

बारशाला आलेल्या बाळंतविड्यांतून एकोणीस झबलीं निघालीं, पैकीं सतरा पहिल्या महिन्याच्या मापाचीं. सौभाग्यवतींनीं त्यांतील बहुतेक पुढच्या बारशांसाठीं बाजूला काढून ठेवलीं. बदकांच्या चित्रांचें एक पिवळें झबलें तीन वर्षांपूर्वीं आम्हींच एका स्नेह्यांकडे दिलें होतें व तें कोणाच्याहि अंगाला न लागतां घरें फिरत परत आलें, असें त्यांचें म्हणणें आहे. आईनें तें दोनदां धुवून पाहिलें. कापड चांगलें निघालें. सध्यां नात तेंच घालून निजली आहे.